सायकलीसह आगगाडीने



सायकलीवरून लांबचा प्रवास करणाऱ्या माणसाला चढाचे भय असते, उन्हाचे असते, मागून भरधाव येणाऱ्या मालट्रकचे तर असतेच असते. परंतु या साऱ्यांहून अधिक धास्ती त्याला रेल्वे स्थानकावरील सामान-नोंदणीच्या खिडकीची वाटते, असे मी म्हटले तर आपणांपैकी पुष्कळांना हसू येईल. मलाही एके काळी आले असते. गेल्या नाताळच्या सुटीत मात्र माझ्या हातून अशी एक चूक घडली, की तेव्हापासून ती खिडकी माझ्या मनातून जात नाही. आज त्याच विषयावर आपल्याशी बोलावे असे योजिले आहे.

आमचे घर पेडणे महालात. माझे थोरले बंधू मुंबईस नोकरीला होते. त्यांची एक काळी, दणकट सायकल होती. चार माणसांनी उचलावी इतकी ती जड आहे असे आम्हां लहान मुलांना तेव्हा वाटे. दर मे महिन्यात दादा घरी येत तेव्हा ती सायकलही त्यांच्याबरोबर येई. ती येई एस. टी.च्या टपावरून. गाडीच्या मागच्या शिडीने हमाल वर चढे, ट्रंकांच्या आणि वळकट्यांच्या मध्ये तिला आडवी निजवी आणि काथ्याच्या दोरीने आवळून बांधी. परतीच्या वेळी तिच्या शेजारी फणस बांधलेले असत. रात्रभराच्या प्रवासानंतर ती खाली उतरे तेव्हा घंटीत इतकी धूळ बसलेली असे, की ती वाजण्याऐवजी नुसती खरखरे. त्याच सायकलीच्या नळीखालून पाय घालून आम्ही भावंडे सायकल शिकलो. दोन आठवड्यांत दादा तिच्यावरून हरमल, केरी, कोरगाव असा सारा महाल पालथा घालीत आणि पाळीपाळीने आमच्यापैकी एकाला मागे कॅरियरवर बसवून नेत.

पुढे कोकण रेल्वे आली. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा ७४१ किलोमीटरांचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्णपणे खुला झाला. या मार्गातला अखेरचा अडसर आमच्या पेडण्यातच होता. पेडण्याच्या बोगद्यातील मऊ, पाणी धरणाऱ्या मातीने अभियंत्यांना शेवटपर्यंत दमविले. आणि ती माती अजूनही शांत झालेली नाही. २०२० सालच्या ऑगस्टात तेथील भिंतीचा भाग कोसळला आणि २०२४ सालच्या जुलैत बोगद्यात पाणी शिरून गाड्या बंद पडल्या. पण हे विषयांतर झाले. सांगावयाचे ते एवढेच, की मुरगावहून कॅसलरॉककडे जाणारी पोर्तुगीज अमदानीतील आगगाडी १८८८ पासून धावत असली तरी पेडणे-डिचोलीच्या माणसाला स्वतःच्या अंगणाजवळ शिटी ऐकावयास एकशेदहा वर्षे थांबावे लागले. आम्हांला केवढा आनंद झाला होता! दादाही पुढल्याच मे महिन्यात आगगाडीने आले. हातात एक पेटी आणि पिशवी. सायकल नव्हती. एवढी मोठी वस्तू आगगाडीने आणावयाची तर फार खटपट पडते, असे ते म्हणाले. त्यानंतर ती कधीच आली नाही. आगगाडी गावात आली आणि सायकल गावात यावयाची बंद झाली, ही गोष्ट तेव्हा आम्हांला मुळीच चमत्कारिक वाटली नाही. आज वाटते.

दादा दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांना आमच्याच गावच्या दफनभूमीत पुरले आहे. त्यांचा मुलगा, माझा पुतण्या, अठरा वर्षांचा आहे. वडिलांच्या वर्षाच्या मिस्सेला आपण त्यांची सायकल घेऊन यावे आणि घरापासून देवळापर्यंत तिच्यावरून जावे असे त्याच्या मनाने घेतले. त्याने मला विचारले, "काका, सायकल आणू कशी?" मी शाळामास्तर, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नाही म्हणावयाची आम्हां लोकांना सवय नसते. मी सांगितले, "एक दिवस आधी जा आणि पार्सल करून टाक." सायकल ही मोठी वस्तू, मोठ्या वस्तूचे पार्सल करावयाचे, लहान वस्तू बरोबर न्यावयाची, असा माझा समज होता.

हा समज चुकीचा आहे, आणि श्रोत्यांपैकी कोणाचा असा समज असेल तर तो आजच दूर व्हावा म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. रेल्वेत सामान नोंदविण्याचे दोन निराळे प्रकार आहेत. एक लगेज, दुसरे पार्सल. लगेज म्हणजे प्रवाशाच्या तिकिटावर नोंदलेले आणि त्याच गाडीला जोडलेल्या गार्डाच्या डब्यातून, म्हणजे ब्रेकव्हॅनमधून, जाणारे सामान. पार्सल म्हणजे धन्यावाचून जाणारा माल. त्याला तिकीट लागत नाही, आणि म्हणूनच तो कोणत्या गाडीने जाईल याचा नेम नसतो. जागा मिळेल तेव्हा तो जातो. सायकलीबरोबर आपण स्वतः जाणार असलो तर ती लगेज म्हणूनच नोंदवावी. गाडी सुटण्यापूर्वी निदान अर्धा तास आधी, आणि मोठ्या स्थानकावर त्याहूनही बरेच आधी, तिकीट घेऊन लगेज कार्यालयात जावे. शयनयान वर्गाच्या प्रवाशाला ४० किलोपर्यंत सामान विनामूल्य नेता येते खरे, पण सायकलीला ती सवलत नाही. तिचे भाडे निराळे भरावे लागते. सायकलीचा दिवा, पंप, पाण्याची बाटली अशा सुट्या वस्तू काढून आपल्यापाशी ठेवाव्या. पायट्या सोडवून घ्याव्या, हँडल फिरवून चौकटीच्या रेषेत आणावे, आणि रंगाची फार काळजी असेल तर चौकटीला गोणपाट किंवा पुठ्ठा गुंडाळावा. आपले नाव, पत्ता, निघावयाचे आणि पोहोचावयाचे स्थानक ठळक अक्षरांत दोन ठिकाणी लिहून घट्ट बांधावे. एक चिठ्ठी सुटली तरी दुसरी राहते. पावती पाकिटात जपून ठेवावी, कारण पलीकडे पावतीवाचून सायकल हाती पडत नाही.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. आपण उतरणार ते स्थानक पेडणे असो वा थिवी, तेथे गाडी किती वेळ थांबते हे आधी पाहावे. जेथे गाडी एक-दोन मिनिटेच उभी राहते तेथे गार्डाच्या डब्याचे कुलूप काढून, आतल्या खोक्यांच्या राशीतून सायकल शोधून ती खाली उतरविणे बहुधा होत नाही. म्हणून गोव्यात सायकल आणणाऱ्याने ती मडगावपर्यंत नोंदवावी आणि स्वतःही मडगावलाच उतरावे. काही नव्या वेगवान गाड्यांची गोष्ट आणखी निराळी आहे. मुंबई-मडगाव वंदे भारत २०२३ सालच्या जूनपासून धावू लागली. ती थिवीला थांबते, परंतु तिला गार्डाचा सामानाचा डबाच नाही. घडीची सायकल पिशवीत घालून बाकाखाली सरकविणारे चतुर लोक आहेत, पण बरोबर न्यावयाच्या पेटीची मर्यादा १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटर अशी सांगितलेली आहे, आणि घडी घातलेल्या सायकलीचे पोट पंचवीस सेंटिमीटरांत सहसा मावत नाही. पुढे तिकीट तपासनीसाची मर्जी.

यांतले काहीच मला ठाऊक नव्हते. पुतण्या २६ डिसेंबरला सकाळी उतरला. सायकल उतरली नाही. २७ तारखेलाही आली नाही. २८ तारखेस मिस्सा होती. दोष कोणा कार्यालयाचा नव्हता. पार्सल म्हणून दिलेली वस्तू पार्सलाच्या गतीने येत होती. दोष माझ्या सल्ल्याचा होता. शेजारचा एक मुलगा आपली नवी, गिअरची सायकल घेऊन आला आणि "ही घे" म्हणाला. माझ्या पुतण्याने त्याचे आभार मानले आणि तो आमच्याबरोबर पायी चालत देवळात गेला. वाटेत तो मला एक शब्द बोलला नाही. माझ्यावर रागावला असता तर बरे झाले असते.

सायकल मडगावास पोहोचल्याची वर्दी २९ तारखेला मिळाली. ती आणावयास कसे गेलो ते पुढे सांगतो. तत्पूर्वी इतर देशांतील रीत काय आहे ते सांगणे अवश्य आहे, कारण हा प्रश्न आपल्यापुरताच नाही.

माझा एक जुना विद्यार्थी जर्मनीत असतो. सुटीत तो बायकोमुलांसह सायकली घेऊन आगगाडीने नदीकाठच्या गावी जातो आणि तेथून दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर जात जात तिसऱ्या गावी पुन्हा गाडी पकडतो. ते कसे साधते असे मी त्यास विचारले. तेथील आखूड पल्ल्याच्या गाड्यांत एका डब्याच्या दारावर सायकलीचे चित्र रंगविलेले असते. आपण त्या दारापाशी उभे राहावयाचे, सायकल स्वतःच उचलून आत ठेवावयाची, पट्ट्याने बांधावयाची आणि समोरच्या बाकावर बसावयाचे. सायकलीचे निराळे तिकीट काढावे लागते, पण ती कोणाच्या हवाली करावी लागत नाही. कोपनहेगनच्या उपनगरी गाड्यांत तर २०१० पासून सायकलीला तिकीटही नाही.

याचा अर्थ तिकडे सारेच सुरळीत आहे असे मात्र नव्हे. लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत सायकलींच्या जागा मोजक्या. जर्मनीच्या एका नव्या जातीच्या जलद गाडीत सबंध गाडीला आठ. त्या आधी राखून ठेवाव्या लागतात आणि उन्हाळ्यात लवकर भरून जातात. फ्रान्सच्या अनेक अतिजलद गाड्यांत सायकल सुटी करून पिशवीत भरल्यावाचून घेत नाहीत. हॉलंड हा सायकलींचा देश, पण तेथेही कामावर जाण्यायेण्याच्या गर्दीच्या वेळी सायकल गाडीत चढवू देत नाहीत. जुलै-ऑगस्टात तेवढी मोकळीक. म्हणजे गर्दी, जागा आणि वेळ या अडचणी तेथेही आहेतच. फरक असा, की तेथे त्या अडचणींचा विचार गाडी बांधतानाच होऊ लागला आहे. युरोपीय संघाने २०२१ साली रेल्वे प्रवाशांच्या हक्कांविषयी जो नियम केला, त्यात नव्या गाड्या घेताना किंवा जुन्यांची मोठी दुरुस्ती करताना गाडीत निदान चार सायकलींची सोय करावी असे कलम घातले. ते ७ जून २०२५ पासून लागू झाले आहे. चार म्हणजे फार नव्हेत. पण चार सायकलींची जागा कागदावर आली म्हणजे सायकल घेऊन फलाटावर उभा असलेला माणूस हा भलत्या जागी आलेला माणूस राहत नाही.

आता कोणी म्हणेल, मास्तर, हे श्रीमंत देशांचे चोचले झाले. माणसांना उभे राहावयास जागा नाही त्या गाडीत तुमच्या सायकली कुठे ठेवावयाच्या? हा आक्षेप खोटा नाही. गणपतीच्या किंवा मे महिन्याच्या गर्दीत जनरल डब्यात सायकल चढवा असे मी कधीच म्हणणार नाही. परंतु वाहन आणि त्याचा धनी यांना एकाच गाडीतून नेण्याची कल्पना परदेशी आहे, हे मात्र मला मान्य नाही. याच कोकण रेल्वेवर १९९९ सालापासून भरलेले मालट्रक सपाट वाघिणींवर चढवून नेतात, आणि चालक आपापल्या ट्रकात बसून कोलाडपासून वेर्ण्यापर्यंत येतात. २०२५ सालच्या ऑगस्टात, गणेशोत्सवाच्या सुमारास, याच मार्गावर खाजगी मोटारींसाठीही तशी सोय सुरू झाली. मोटार वाघिणीवर आणि तिची माणसे त्याच गाडीला जोडलेल्या डब्यात. ट्रकाला जमले, मोटारीला जमले. पंधरा-वीस किलोंच्या सायकलीलाच तेवढे का जमू नये, हे मला उमगत नाही. सर्व स्थानकांवर थांबणाऱ्या दिवसाच्या एखाद्या गाडीत, नोव्हेंबर ते फेब्रुवारीपर्यंत, एका डब्याच्या टोकाचे दोन बाक काढून चार आकडे बसविले तरी माझे समाधान होईल.

हे केवळ सहलीसाठी मागतो आहे असेही नाही. डिचोली शहराचेच उदाहरण घ्या. तेथे रेल्वे स्थानक नाही. जवळचे स्थानक थिवीचे. अस्नोड्यावरून गेल्यास दहा-बारा किलोमीटर. चालावयास ते लांब आणि मोटार भाड्याने करावयास महाग. सायकलीला मात्र ते पाऊण तासाचे अंतर आहे. पेडण्याचे स्थानकही गावाच्या मध्यावर नाही, आणि तेथे उतरून हरमल-केरीकडे जाणाऱ्याची तीच अडचण. थिवीस किंवा पेडण्यास उतरणाऱ्याची सायकल त्याच्याबरोबर खाली उतरली, तर ही दोन्ही स्थानके गावांच्या किती जवळ येतील!

आता मडगावची हकीकत. ३० डिसेंबरला आम्ही काका-पुतणे पहाटेच्या बसने मडगावास गेलो. पावती दिली, सही केली, आणि सायकल बाहेर आली. मागच्या चाकाचा एक आरा वाकला होता, एवढेच. तिच्या हँडलवर पुतण्याने बांधलेली चिठ्ठी होती. तिच्यावर आमच्या गावाचे नाव दादांच्या अक्षरासारख्या अक्षरात लिहिलेले होते. मुलगा म्हणाला, "मी हिच्यावरूनच घरी येतो." सामान माझ्या हाती देऊन तो निघाला. मी बसने डिचोलीस गेलो. तेथील एका शिक्षक-मित्राची सायकल मागून घेतली आणि मये तळ्याच्या काठाने नार्व्याच्या धक्क्यावर जाऊन बसलो.

या रस्त्याची शिफारस मी प्रत्येक सायकलस्वाराला करीन. मडगावहून जुवारी ओलांडून जुन्या गोव्यास यावे. करमळी स्थानकावर उतरणाऱ्याला तर जुने गोवे अगदीच जवळ. तेथे व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर उतरले, की फेरीबोट दिवाडी बेटावर नेऊन सोडते. बेटावरच्या शेतांमधून रस्ता सपाट आहे. दुपारीही वारा असतो. बेटाच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा फेरीबोट, आणि पलीकडे नार्वे. सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान या दिवाडी बेटावर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते मोडल्यावर भाविकांनी देवाला याच पाण्यावरून पलीकडे नेले, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवालयाचा जीर्णोद्धार करविला. नार्व्यापासून मये आणि डिचोली जवळच. वेळ असेल त्याने साखळीजवळ हरवळ्यास जाऊन दगडात कोरलेली लेणी आणि शेजारचा धबधबा पाहावा. डिचोलीच्या बाजूस खनिजाच्या ट्रकांची ये-जा चालू असेल तर तांबड्या धुळीसाठी नाकाला रुमाल बांधावा आणि त्यांना आधी जाऊ द्यावे. त्यांच्याशी स्पर्धा करू नये. तेथून अस्नोडा, थिवी आणि कोलवाळचा पूल करून पेडण्यास येता येते. ज्यांना आणखी उत्तरेला जावयाचे आहे त्यांनी केरीला जावे. तेथे फेरीबोटीने तेरेखोल नदी ओलांडली म्हणजे समोर किल्ला, आणि किल्ल्याच्या आत संत अंतोनीचे देऊळ.

दुपारी साडेचारच्या सुमारास बोट नार्व्याच्या बाजूला वळली. तिच्यावर चार-पाच स्कूटरी, एक मोटार, मासळीची टोपली घेतलेल्या दोन बाया, आणि कठड्याला टेकून काळी सायकल. मुलाचा एक हात तिच्या आसनावर होता. बोटीवर त्याला कोणी पावती मागितली नाही, चिठ्ठी बांधावयास सांगितले नाही, पायट्या काढावयास लावल्या नाहीत. बोट लागली, फळी खाली पडली, आणि तो सायकल हाताने ढकलीत चढण चढून माझ्याकडे आला. आमच्या या फेरीबोटींना फारसे कोणी आधुनिक म्हणत नाही.

ती रात्र आम्ही डिचोलीस काढली आणि ३१ तारखेला दुपारपर्यंत घर गाठले. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सकाळी मला जाग आली तेव्हा अंगणात सायकल नव्हती. अर्ध्या तासाने तो परत आला. दफनभूमीकडे जाऊन आलो, एवढेच म्हणाला, आणि चहा मागितला.

२ जानेवारीला त्याला परत जावयाचे होते. लगेजचे सारे नियम मी या वेळी कागदावर लिहून ठेवले होते. मडगावास किती वाजता पोहोचावयाचे, कोणत्या खिडकीवर जावयाचे, सारे. त्याने तो कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला, आणि सायकल आमच्या पडवीतच राहू द्या म्हणाला. वाकलेला आरा मी बदलून घेतला आहे. सध्या मी तिच्यावरून शाळेत जातो. घंटी अजून खरखरते.